मोठा चमचा आणि तीनशे तेहतीस मणी

त्या रविवारी मोठा चमचा आत्याच्या हातात आला आणि चारशे लिटर सिरप मोरीत ओतलं गेलं.

असं काही झालेलं नाही. कारखान्याच्या सभांच्या वहीत त्या तारखेखाली आत्याच्याच सुबक अक्षरात लिहिलेलं आहे, की पुरेसे सभासद हजर नसल्यामुळे सभा झाली नाही. खाली दादाची सही आहे, वहिनींची आहे, पुढच्या पिढीतल्या दोघांच्याही आहेत. म्हणजे सभा झाली नाही, याला सगळे सभासद साक्षीदार आहेत. तेव्हा जी सभा झालीच नाही, ती सकाळी दहाच्या सुमारास चवखोलीत सुरू झाली.

चवखोली म्हणजे कारखान्यातली सर्वांत स्वच्छ आणि सर्वांत निरुपयोगी खोली. पांढऱ्या फरशा, दुधी काचेची खिडकी, हात धुवायचं बेसिन, मधोमध पत्र्याने मढवलेलं लांब टेबल, एका कडेला तयार मालाची लोखंडी टाकी आणि तिच्याखाली मोरी. भिंतीवर आजोबांचा फोटो, शेजारी अण्णांचा, म्हणजे दादा आणि आत्याच्या वडिलांचा. दोघांच्या चेहऱ्यावर काहीही नाही. पाहुणे म्हणत, काय करारी चेहरे आहेत. अण्णांच्या शेजारी तिसरा खिळा ठोकून तयार होता. तो दादासाठी. दादाला सत्तर पूर्ण झाली होती आणि आज तो चमचा मुलाच्या हाती देऊन भिंतीवर जाणार होता.

कारखान्यात खोकल्याचं सिरप बनतं. एकच. मुळ्याच्या बिया, कोबीच्या कुळातला एक रानपाला, साखर, आणि उरलेलं पाणी. या घरात मूल अकरा वर्षांचं झालं, की त्याला या टेबलापाशी उभं करून मोठा चमचा भरून सिरप देतात. कोणीतरी सावकाश दहापर्यंत मोजतं, बाकीचे चेहऱ्याकडे बघतात. चेहरा हलला नाही तर मूल धीराचं. आणि धीराचं मूल पुढे चमच्यावर बसतं, म्हणजे प्रत्येक बॅच तेच चाखून बघतं आणि माल बाहेर सोडायचा की नाही ते तेच ठरवतं. आजोबांनी असंच ठरवलं होतं, अण्णा असेच निवडले गेले होते, आणि दादाने तर दहा झाल्यावर विचारलं होतं, "झालं?" त्यावर टाळ्या पडल्या होत्या.

आत्या 'दोन'वर थुंकली होती. अण्णांच्या पांढऱ्या शर्टावर.

"हे कडू आहे," ती म्हणाली होती.

"कडू सगळ्यांनाच लागतं, पोरी," अण्णा रुमालाने शर्ट पुसत म्हणाले होते. "आपण दाखवत नाही, एवढंच."

तिची रवानगी लेबलांच्या खोलीत झाली. त्याला पंचावन्न वर्षं झाली. धाकट्या भावाने तर चमचा बघूनच धूम ठोकली होती. तो बॉयलरच्या मागे सापडला आणि पुढे त्याला बॉयलरच सोपवण्यात आला. आजही तो तिथेच होता. घरच्या समारंभांना त्याच्या वतीने त्याची मुलगी यायची.

आत्याने आज एक गोष्ट ठरवून ठेवली होती. चमचा कोणाकडेही जावो, तिला त्याचं काही नव्हतं, निदान ती स्वतःला तसं सांगत होती. पण टाकीत तयार असलेली बॅच बाहेर जाता कामा नये. तिने आदल्या दिवशी त्यातल्या थेंबाला जीभ लावली होती आणि मग बराच वेळ ती बेसिनला धरून उभी होती. लेबलांच्या खोलीतल्या बाईला बॅच अडवायचा अधिकार नव्हता. दादाने ऐकलं तरच ती अडणार होती, आणि दादाने तिचं शेवटचं ऐकलं होतं ते भिंतीच्या रंगाबाबत.

"बसा सगळे," दादा म्हणाला. त्याने मऊ फडक्यातून चमचा काढला. चमचा कसला, डावच तो. "आज आपण..."

"आधी परत आलेल्या खोक्यांचं बोलू," आत्या म्हणाली.

"त्यात काय बोलायचं?"

"चिठ्ठ्या आल्यात." तिने चष्मा लावला. "एक औषधवाला लिहितो, मुलाचा खोकला गेला. पण मूलही माळ्यावर गेलं आणि दोन दिवस खाली आलं नाही."

"खोकला गेला ना?"

"एका शाळेने लिहिलंय, शिक्षा म्हणून वापरत होतो, पालकांच्या सांगण्यावरून बंद करतोय."

"आणि तो फर्निचरवाला?"

आत्याने नाइलाजाने ती चिठ्ठी वर काढली. "त्याने मागणी दुप्पट केलीय. खुर्च्यांच्या पायांना लावतो. कुत्री कुरतडत नाहीत आता."

"बघ," दादा म्हणाला. "माल चांगला आहे."

वहिनींनी खिडकीकडे बघितलं. दादाचा मुलगा अंगठ्याने टेबलाचा पत्रा दाबत बसला होता. त्याला सगळे टाकी म्हणत. अकराव्या वर्षी त्याने चमचा रिकामा करून दुसरा मागितला होता, तेव्हापासून. आता चौतिशीतला हा गडी नवा शर्ट घालून आला होता, आणि एखाद्याला दाढ काढायला नेलं असावं, तसा बसला होता.

"दादा, या बॅचमध्ये पाला किती घातलास?"

"नऊ ओंजळी."

"आजोबांच्या वहीत दोन आहेत."

"अण्णांनी चार केल्या होत्या. मी चाखतो, फिकं वाटतं, मी वाढवतो. चमच्यावर बसलेल्या माणसाचं ते कामच आहे. शिवाय माझी ओंजळ लहान आहे."

"काका," कोपऱ्यातून आवाज आला. "मी बोलू?"

ही धाकट्याची मुलगी, ठिपकी. अंगाने एवढीशी, म्हणून ठिपकी. ती एका प्रयोगशाळेत माणसांची जनुकं वाचायचं काम शिकत होती. महिन्यापूर्वी तिने घरातल्या सगळ्यांकडून सही घेऊन नळीत थुंकी मागितली होती. दादाने दोन नळ्या भरून दिल्या होत्या. मागितल्यापेक्षा जास्त द्यायचं, हा घराण्याचा शिरस्ता.

"निकाल आलेत," ठिपकी म्हणाली. "तुम्ही म्हणाला होतात, चांगले असतील तर सगळ्यांसमोर सांग."

"चांगलेच असणार. सांग."

ठिपकीने कागद उलगडला. आत्याच्या लक्षात आलं, पोरीचे कान लाल झालेत.

"सातव्या गुणसूत्रावर एक जनुक आहे. त्याचं नाव टीएएस२आर३८."

"हा बॅच नंबर आहे."

"जनुकाचं नाव आहे, काका. जनुक म्हणजे कृती लिहिलेला कागद समजा. ही कृती एका प्रथिनाची. तीनशे तेहतीस मण्यांची माळ. ती जिभेवरच्या पेशीच्या भिंतीतून सात वेळा आतबाहेर ओवलेली असते. तिचं काम एकच. कोबी, मुळा, मोहरी, या कुळातला कडूपणा आला की आत वर्दी द्यायची."

"म्हणजे आपल्या सिरपसाठीच केलेली आहे," दादा खूश होऊन म्हणाला.

"हो. फक्त तुमच्या माळेत तीन मणी वेगळे आहेत. एकोणपन्नासावा, दोनशे बासष्टावा आणि दोनशे शहाण्णवावा."

दादाने मनातल्या मनात भागाकार केला. "तीनशे तेहतीसमध्ये तीन. एक टक्कासुद्धा नाही. एवढा फरक आपण मालात चालवून घेतो."

"इथे चालत नाही. माळ तयार होते, जागेवर बसते, पण वर्दी देत नाही. आईकडून आलेली प्रत तशीच, वडिलांकडून आलेलीही तशीच. काका, तुम्हाला आपलं सिरप कडू लागत नाही. लागूच शकत नाही."

बाहेर बॉयलरने एक सुस्कारा सोडला.

"काहीतरीच," दादा म्हणाला. "मला डोकेदुखीची गोळी कडू लागते. विचार हिला."

"लागतेच," वहिनी म्हणाल्या. "सगळं घर डोक्यावर घेतात."

"ती लागणारच. कडूचे पंचवीसेक वेगवेगळे रखवालदार असतात जिभेवर. प्रत्येकाला आपापली माणसं ठाऊक. गोळीचा रखवालदार जागा आहे. सिरपच्या दारावरचा रखवालदारही आहे, गणवेशात आहे, खुर्चीवर बसलाय. फक्त तो कोणालाच ओळखत नाही."

"मग काढून टाका त्याला."

"तो तुम्हीच आहात, काका."

आत्याने दादाकडे बघितलं. रागावेल असं तिला वाटलं होतं. पण दादा जिभेचं टोक बाहेर काढून त्याकडे बघायचा प्रयत्न करत होता, आणि त्यामुळे त्याचे डोळे तिरळे झाले होते.

"कागदावर काहीही लिहिता येतं," तो शेवटी म्हणाला. "सिद्ध कर."

ठिपकी त्याचीच वाट बघत असावी. तिने पिशवीतून एक छोटी डबी काढली. आत कागदाच्या पांढऱ्या पट्ट्या होत्या. "याला त्याच जातीचं एक रसायन लावलंय. अगदी कणभर. अपाय काही नाही. जिभेवर ठेवायची."

दादाने पट्टी जिभेवर ठेवली. सगळे बघू लागले. सवयीने कोणीतरी मोजायलाही लागलं.

"कागद आहे," दादा म्हणाला.

"आणि?"

त्याने थोडं चघळून बघितलं. "चांगल्या प्रतीचा कागद आहे."

वहिनींनी हात पुढे केला. पट्टी तोंडात घातली, आणि त्यांचा चेहरा, जो लग्नाच्या फोटोतही जागचा हलला नव्हता, एका बाजूने गोळा झाला. त्यांनी रुमाल काढून पट्टी त्यात ठेवली आणि रुमालाची व्यवस्थित चौकोनी घडी केली. "लागतं," त्या म्हणाल्या.

मग आत्या. तिने पट्टी दोनदा जिभेपर्यंत नेऊन मागे घेतली, आणि त्याचं तिचं तिलाच हसू आलं. सहासष्ट वर्षांची बाई, कागदाला घाबरते. तिने पट्टी जिभेवर टेकवली. ते आलं. तसंच, तिथूनच. अण्णांचा शर्ट डोळ्यांसमोर आला, त्याचं तिसरं बटण तुटलेलं होतं, हेसुद्धा.

"तेच आहे," ती म्हणाली.

"आता टाकी," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात पुन्हा जोर आला होता. "माझा मुलगा आहे. माझंच जनुक. दे रे त्याला."

"बाबा, राहू दे ना."

"घे."

"मला कागद आवडत नाही."

टाकीने पट्टी तोंडात घातली. क्षणभर काहीच झालं नाही. मग त्याच्या भुवया एकमेकींना भेटायला निघाल्या, ओठ कानाकडे गेला, एक डोळा मिटला आणि तो खुर्ची पाडून बेसिनकडे धावला. तिथून बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला.

"हे काय?" दादा म्हणाला.

"चमच्याची सवय आहे मला," टाकी बेसिनमध्ये म्हणाला. "कागदाची नाही."

"सवय म्हणजे?"

वहिनींनी रुमालाची आणखी एक घडी घातली. "मी करून घेतलीय," त्या म्हणाल्या. "नवव्या वर्षापासून. आरशासमोर. रोज अर्धा चमचा, मग एक. तो रडायचा, मी मोजायचे. दोन वर्षं लागली."

"तू?"

"मग काय करू? वन्सं लेबलांच्या खोलीत गेल्या, धाकटे भावजी बॉयलरमागे गेले. माझं पोर कुठे पाठवणार होतात तुम्ही? गच्चीवर?"

आत्याने वहिनींकडे बघितलं. चाळीस वर्षं दोघी एका स्वयंपाकघरात होत्या, आणि या बाईला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, की सिरप भयानक आहे.

"वहिनी, मला नाही कधी बोललात."

"तुम्ही तरी कुठे बोललात, वन्सं? मला वाटलं, या घरात फक्त मलाच लागतं."

"मलाही तेच वाटायचं."

"मलाही," टाकी तोंड पुसत म्हणाला. "आणि बाबा, तो दुसरा चमचा मी मागितला नव्हता. मी 'आई' म्हणत होतो. तोंड भरलेलं होतं."

दादा खुर्चीत मागे टेकला. त्याने मुलाकडे बघितलं, मग चमच्याकडे. "म्हणजे याला लागतं, आणि तरी हा पंचवीसेक वर्षं चेहरा न हलवता पितोय," तो हळूच म्हणाला. "म्हणजे धीर याच्याकडेच आहे. खराखुरा. माझ्याकडे काय होतं मग?"

तो ठिपकीकडे वळला.

"ठिपके, मी काय सहन केलं?"

"काही नाही, काका."

"पण टाळ्या पडल्या होत्या."

"हो."

"आणि अण्णा? आजोबा?"

"त्यांची थुंकी नाहीये आपल्याकडे. नक्की नाही सांगता येणार. पण एक प्रत अण्णांकडूनच आलीय तुमच्याकडे. आणि आपण चमच्यावर माणूस जसा निवडतो..." ती अडखळली. "म्हणजे या घराने दोन वेळा खूप काळजीपूर्वक शोधून, ज्याला चव कळत नाही त्यालाच चव बघायला बसवलंय. आणि त्याला फिकं लागलं, की तो पाला वाढवतो."

सगळ्यांनी फोटोंकडे बघितलं. आजोबा आणि अण्णा करारीपणे समोर बघत होते. आता ते करारी दिसत नव्हते. कोणीतरी काहीतरी विचारलंय आणि आपल्याला ऐकू आलं नाही, अशी माणसं दिसतात तसे ते दिसत होते.

आत्याला वाटलं होतं, आपल्याला राग येईल. तो आला, पण त्याला नीट उभं राहता येईना. "सगळ्यांनाच लागतं," असं म्हणणारे अण्णा खोटं बोलत नव्हते. त्यांनी फक्त चौकशी केली नव्हती. ते ज्याला कडू समजत होते ते म्हणजे जेमतेम गवताची चव असणार, आणि तेवढ्यावर पोरगी थुंकली म्हणून त्यांना ती खरंच नाजूक वाटली असणार. पंचावन्न वर्षं ती स्वतःला अर्ध्या धीराची बाई समजत आली होती, कशामुळे, तर तिची जीभ धडधाकट होती म्हणून.

"लेबलावर 'चवीला सौम्य' असं छापलेलं असतं," ती म्हणाली. "ते मी चिकटवत आलेय. प्रत्येक बाटलीवर. रोज."

"मला सौम्यच वाटायचं," दादा म्हणाला.

"ठाऊक आहे आता."

दादाने खुर्ची तिच्याजवळ सरकवली. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं. आत्याला ते ओळखायला वेळ लागला, कारण त्या चेहऱ्यावर सहसा काही नसे. ते कुतूहल होतं.

"त्या दिवशी तुला नक्की काय लागलं होतं?"

"कडू."

"ते झालं. पण कसं? गोळीसारखं?"

"नाही. गोळी समोरून येते." आत्या विचार करू लागली. हे तिला कोणी कधी विचारलंच नव्हतं. "हे मागून येतं. आधी साखर. तुला वाटतं, चला, ठीक आहे. मग जिभेच्या मागे कोणीतरी जड कपाट ओढत आणतंय, असं. आणि ते घशात आडवं ठेवतं."

"कपाट," दादा म्हणाला. "लाकडी का लोखंडी?"

"लोखंडी," वहिनी म्हणाल्या.

"गंजलेलं," टाकी म्हणाला.

दादाने खिशातून पेन काढून ते तळहातावर लिहून घेतलं. "आणि मग जातं?"

"जात नाही. रात्रीच्या जेवणापर्यंत असतं."

"आणि मी चमचा धरून उभा होतो तुझ्यासमोर. मी हसलो होतो बहुतेक."

"हसला होतास."

दादाने लिहिलेलं पुन्हा वाचलं. त्याने तळहात मिटला. मग फडक्यासकट चमचा उचलला आणि टेबलावरून आत्याकडे सरकवला. पत्र्यावर त्याचा आवाज झाला.

"बाबा, हा तर मला..." टाकी म्हणाला.

"तुला हवा होता?"

"नाही. फक्त विचारलं." त्याने शर्टाचं वरचं बटण सोडलं. त्याला एवढं मोकळं बघून बरीच वर्षं झाली होती.

आत्याने चमचा घेतला, टाकीतून, म्हणजे लोखंडी टाकीतून, भरला आणि तोंडाला लावला. ठिपकी मोजू लागली. या वेळी दोनपर्यंतसुद्धा पोचता आलं नाही. आत्या बेसिनमध्ये थुंकली, चूळ भरली, पुन्हा थुंकली आणि कोणापासूनही न लपवता तोंड पाहिजे तेवढं वाकडं केलं. त्यात एक सुख होतं. ते तिने सावकाश उपभोगलं.

"ओता," ती म्हणाली.

"सगळी?" दादा म्हणाला. "चारशे लिटर आहे. निम्मी फर्निचरवाल्याला..."

"दादा. चमचा माझ्याकडे आहे ना?"

दादा उठला आणि त्याने स्वतःच्या हाताने टाकीचा खालचा नळ उघडला. सिरप मोरीकडे जाऊ लागलं, हिरवट, दाट, चकाकतं. सगळे उभे राहून बघत होते. मोरीतून एक झुरळ बाहेर आलं, थोडं थांबलं आणि दाराबाहेर निघून गेलं.

"पुढची बॅच दोन ओंजळींची," आत्या म्हणाली. "माझ्या ओंजळी. आणि अकरा वर्षांच्या पोरांना द्यायचं ते एक बोट चाखायला द्यायचं, आणि विचारायचं, कसं लागलं. त्यांनी जे सांगितलं ते लिहून घ्यायचं."

"आणि चेहरा हलला तर?"

"हलू द्यायचा."

सभांची वही उघडल्यावर अडचण आली. दादा म्हणाला, अण्णांना चव नव्हती असं या वहीत लिहिलं, तर उद्या बाटलीवरचा अण्णांचा फोटो कुठल्या तोंडाने छापायचा? वहिनी म्हणाल्या, आरशाचं लिहू नका. टाकी म्हणाला, खुर्ची पडली ते लिहू नका. हे सगळं वगळल्यावर फक्त तारीख उरली. शेवटी आत्याने सभा झाली नाही असं लिहिलं, आणि चमचा आपल्या पिशवीत टाकून ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ठिपकीला तिच्या प्रयोगशाळेत कारखान्याच्या छापील कागदावरचा एक अर्ज मिळाला. अक्षर दादाचं होतं, शिक्का ठळक होता आणि एक प्रत आत्याला माहितीसाठी पाठवलेली होती. आत्याने तो लेबलांच्या खोलीत उभ्यानेच वाचला. मग खाली बसून पुन्हा वाचला.

"प्रति, माननीय प्रमुख, जनुक तपासणी विभाग.

विषय: सातव्या गुणसूत्रावरील तीन मणी तात्पुरते बदलून मिळण्याबाबत.

महोदय,

आपल्या अहवालानुसार माझ्या प्रथिनातील मणी क्रमांक एकोणपन्नास, दोनशे बासष्ट व दोनशे शहाण्णव हे कामाचे नाहीत. माझी त्याबद्दल तक्रार नाही. सत्तर वर्षं त्यांच्यावर भागलं आहे. तथापि माझ्या धाकट्या बहिणीला अकराव्या वर्षी माझ्यासमोर नेमकं काय लागलं होतं, याची प्रत्यक्ष खातरजमा करणं मला आवश्यक वाटतं. तरी सदर तीन मणी मला फक्त एका चमच्यापुरते बदलून देण्यात यावेत, ही विनंती. जुने मणी आपल्याकडे जमा करून घ्यावेत. नवे मणी वापर झाल्यावर, कडूपणा पूर्ण उतरण्याची वाट न पाहता, त्याच दिवशी सुस्थितीत परत करण्यात येतील."